पाण्याच्या रांगेतली पालकसभा

नववीच्या वर्गात हजेरी घेताना एका मुलीचं नाव मी पुकारलं आणि उत्तर आलं नाही. ही मुलगी एरवी नाव पुरं व्हायच्या आत "हजर" म्हणणारी. मी पुन्हा पुकारलं. शेजारणीनं कोपरानं ढोसल्यावर ती दचकून उभी राहिली. मान वाकडी करून तिनं उजवा कान माझ्याकडे वळवला होता.

"काय झालं गं?"

"काई न्हाई, बाई."

मुलांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. दोघेतिघे खाली मान घालून हसले. मी पुढचं नाव घेतलं, पण लक्ष उडालंच.

मधल्या सुट्टीत तिच्या शेजारणीला मी व्हरांड्यात बाजूला घेतलं, तेव्हा कळलं. आदल्या दिवशी टँकरच्या रांगेत तिला मुस्काटात बसली होती. मारणारा आमच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, कबड्डीत नाव काढलेला उंच मुलगा. त्यानं आपली घागर तिच्या पुढे आणून ठेवली. तिनं ती उचलून मागे ठेवली. एवढंच. त्यानं डाव्या कानाखाली अशी लगावली की ती घागरीसकट पडली, आणि भरलेलं पाणी सगळं मातीत गेलं.

"मोठी माणसं नव्हती तिथं?"

"होती की. समदं गाव होतं."

"कुणी काही म्हणालं नाही?"

पोरगी जरा आठवून म्हणाली, "एक काकू तिला म्हणली, पोराच्या घागरीला कशाला हात लावावा."

रेणापूरजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी तेव्हा मराठी आणि इतिहास शिकवत होते. लातूर जिल्हा जुन्या जिल्ह्यातून नुकताच वेगळा झाला होता. माझे यजमान नांदेडच्या कचेरीतून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदलून आले, आणि त्यांच्यामागोमाग मी नांदेडची नोकरी सोडून आले. लातुरात दोन खोल्या घेतल्या होत्या. रोज सकाळी एसटीनं गावाला जायचं, दुपारी परत. नांदेडला आमचं घर गोदावरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पाण्यासाठी रांग असते हे मला इथं आल्यावर समजलं. त्या वर्षी तर सलग दुसरा दुष्काळ होता. विहिरी खरवडून झाल्या होत्या, बागायतदारांचे बोअर आटले होते, आणि दिवसातून एकदा येणारा टँकर शाळेच्या कुंपणाशी उभा राहायचा. पहाटेपासून लोक घागरी, हंडे, डबे ओळीनं लावून ठेवायचे. टँकर आला की ती ओळ कुठल्या कुठे जायची.

मुलाला मी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं.

"का मारलंस तिला?"

"हटत नव्हती."

"मग?"

"मग काय? मारलं."

त्याच्या बोलण्यात मस्ती नव्हती, खोटंही नव्हतं. गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यानं सांगितलं. मी विचारलं, कुणी हटत नसलं की मारायचं, हे तुला कुणी शिकवलं? घास चावायला कुणी शिकवलं असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, हे शाळेबाहेर घडलंय. पाण्याची भानगड आहे, आपण त्यात पडू नये."

"दोघंही आपले विद्यार्थी आहेत, सर."

"शाळेत असताना आहेत."

मी भांडले. शेवटी माझ्या कटकटीला बेजार होऊन त्यांनी शनिवारी पालकसभा बोलवायची परवानगी दिली. मी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हाती निरोप धाडला. आई आणि वडील, दोघांनीही यावं, असं मुद्दाम सांगितलं. मनात मी काय काय जुळवलं होतं. मुलांना राग येतो तेव्हा काय करायचं हे त्यांना घरीही सांगायला हवं, एकट्या शाळेच्यानं हे होणार नाही, मुलगा मुलीवर हात उचलतो तेव्हा तिथं उभ्या असलेल्या मोठ्यांचंही काही काम असतं. बोलायचं कसं, याची एसटीत बसून मी उजळणी केली होती.

शनिवारी मोजकी माणसं आली. आई एकही नाही. मागच्या बाकांवर दोन म्हातारे, बहुधा सावली होती म्हणून बसलेले. मारणाऱ्या मुलाचे वडील मात्र आले. गावातले मातब्बर शेतकरी, स्वच्छ धोतर, दारात येताच मला नमस्कार केला. मी बोलायला सुरुवात केली. दुसरं-तिसरं वाक्य झालं नसेल, ते उठले आणि म्हणाले, "बाई, पोराला बोलवा."

मला वाटलं, त्याच्यादेखत बोलू म्हणतात. मी बोलावलं. मुलगा दारात आला तोच त्यांनी पायातली चप्पल काढली आणि डोक्यात, पाठीवर, तोंडावर, जिथं बसेल तिथं मारायला लागले. मी मध्ये गेले तर मला हातानं बाजूला केलं. हेडमास्तर "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. मुलगा हलला नाही. हात वर करून तोंडही झाकलं नाही त्यानं.

दम लागल्यावर वडील थांबले. चप्पल पायात घातली आणि मला शांतपणे विचारलं, "झालं का समाधान, बाई?"

म्हातारे समाधानानं माना हलवत होते. एकजण म्हणाला, "अस्सं पायजे." हेडमास्तरांनी चहा मागवला. सभा संपली.

त्या दिवशी एसटीत मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभीच राहिले. इतकी चिडले होते की बसवेना. मारणं वाईट हे सांगायला मी माणसं गोळा केली, आणि त्या माणसांसमोर एका मुलाला चपलेनं बडवलं गेलं, आणि सगळ्यांना वाटलं की बाईंचं काम फत्ते झालं.

सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिचे वडील दुसऱ्याची शेती करायचे, पण त्या वर्षी शेतीच नव्हती, म्हणून नवराबायको दोघं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. मी गेले तेव्हा वडील कामावरून येऊन ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "तिची काय चूक? तिला का घरी बसवलं?"

"चूक न्हाई, बाई. पण नाव निघालं ना गावात."

"कसलं नाव? तिनं मार खाल्ला."

"तेच की. अमक्याच्या पोरानं तमक्याच्या पोरीला मारलं. उद्या लोक इचारतील, तिलाच का मारलं."

मी कानाचा विषय काढला. लातूरला नेऊन डॉक्टरला दाखवू म्हटलं. ते एकदम ताठ झाले. "कानाचं कुठं बोलू नका, बाई. बहिरी पोरगी म्हणून बोभाटा झाला तर कोण करून घेईल तिला?"

आतून तिची आई हे सगळं ऐकत होती. दोन दिवसांनी ती मुलीला घेऊन एसटी थांब्यावर उभी दिसली. नवऱ्याला तिनं बाजाराला जाते म्हणून सांगितलं होतं. मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि तिघी लातूरला गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कान तपासला. पडदा फाटलाय, लहान वय आहे, भरून येईल कदाचित, म्हणाले. थेंब लिहून दिले आणि आईला बजावलं, "महिना-दोन महिने कानात पाणी जाऊ द्यायचं नाही."

बाहेर आल्यावर आई मुलीच्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागली. "पाणी हाय कुठं कानात जायाला?" तिच्या हसण्यानं मुलगीही हसली. मला हसता आलं नाही.

घरी यजमानांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. नव्या कचेरीत त्यांचेही हाल होते. जुन्या जिल्ह्यातून लाल रुमालात बांधलेली दप्तरं ट्रकनं येऊन पडली होती, ठेवायला कपाटं नव्हती, आणि प्रत्येक गावाला टँकर हवा होता. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात अजून गोदावरी आहे. इथली माणसं कोरडी पडलीत. पाऊस होऊ दे, सगळं निवळेल."

"पाऊस पडला की बापलोक पोरांना मारायचं थांबवतील, असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी आमटी वाढून घेतली.

वर्गात मी तो विषय सोडला नाही. एक तास मराठीचं पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, कुणी रांगेत तुमची घागर मागे ठेवली, तर मारण्याऐवजी काय काय करता येईल? मुलांनी उत्साहानं हात वर केले. "तिच्या भावाला सांगायचं." भाऊ काय करील? "ठोकंल तिला." दुसरा म्हणाला, "तिच्या बापाला सांगायचं." तो काय करील? उत्तर तेच. तिसरा म्हणाला, "बाई, तुम्हाला सांगायचं." मी काय करीन? "तुम्ही छडी माराल." सगळा वर्ग हसला. मी कधीच कुणाला छडी मारत नसे, तरी त्यांना दुसरं काही सुचेना. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "थांबायचं." तिला मुलं इतकी हसली की तिनं दप्तरात तोंड घातलं.

त्या तासानंतर मला कळलं की पालकांशिवाय हे होणार नाही. आणि पालक शाळेत येणार नाहीत. मग पालक जिथं होते तिथं मीच जायला लागले. रोजगार हमीचं काम गावापासून दोन कोसांवर चाललं होतं. सकाळची शाळा सुटली की मी तिथं जायची. दुपारच्या भाकरीच्या वेळी बाया बाभळीखाली बसायच्या, पुरुष पलीकडे. मुकादमाला मी आवडत नव्हते. तो म्हणायचा, "बाई, लवकर आटपा, हाजरी जाईल त्यांची." बाया चटणी-भाकर पुढे करायच्या आणि माझी फिरकी घ्यायच्या.

"बाई, तुमचे साहेब हात उगारत न्हाईत का?"

"नाही."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा बी नाही."

"मग त्यांना राग आला की काय करतात?"

"बोलत नाहीत. दोन-दोन दिवस."

यावर त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, हे तर मारण्याहून वाईट. मी काय सांगायला गेले होते आणि कुठं येऊन पोचले, मलाच कळेना. पण त्या बसायच्या. पोराला भाऊ म्हणून आधी वाढायचं, बहिणीला मागून. पोरगा रडला तर 'बाईसारखा रडतोस का' म्हणायचं. त्यानं बहिणीला मारलं तर 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणून तिलाच दटावायचं. हे मी सांगत नव्हते, त्याच एकीमागून एक सांगत होत्या, जणू शेजारच्या गावची गोष्ट. मी म्हटलं, मग हे बदलू या. तर म्हणाल्या, "आमच्या हातात काय हाय, बाई?" आणि पदर झटकून कामावर गेल्या. पुरुष लांबून ऐकत. एकदा एकजण मोठ्यानं म्हणाला, "बाई, पोरांना परीक्षेचं शिकवा. मारामारी ते आपोआप शिकत्यात." सगळे हसले. मुकादमही हसला.

मारणाऱ्या मुलाच्या आईला मात्र खडी फोडायला जावं लागत नव्हतं. तिच्याकडे मी घरी गेले. तिनं मला पेलाभर पाणी दिलं. पाण्याचं मोल त्या दिवसांत काय होतं ते माहीत असल्यानं मी अर्धं प्याले आणि अर्धं परत दिलं. ती खाली बसून म्हणाली, "बाई, मी त्याला काय शिकवू? तो मलाच 'ए' करून हाक मारतो. त्याच्या वडलासारखी." पुढे काही बोलायच्या आत बैठकीतून खाकरण्याचा आवाज आला आणि ती उठून आत गेली.

उपाय सुचला तो असाच वैतागून. टँकरच्या जागेसमोर एक किराणा दुकान होतं. दुकानदार म्हातारे, कपाळाला विभूती, गल्ल्याच्या वर भिंतीवर महादेवाची तसबीर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांची धाकटी मुलगी आमच्याच शाळेत होती. टँकर आला की भांडणं, आणि भांडणं झाली की गिऱ्हाईक पळायचं, म्हणून ते रोज कुरकुरत असायचे. मी म्हटलं, "अप्पा, नुसतं कुरकुरून काय होणार? रोज एक पालक, एक मुलगा आणि एक मुलगी, असे तिघं टँकरपाशी उभे राहतील. ज्या ओळीत भांडी ठेवलीत त्याच ओळीत भरली जातील. सुरुवात तुम्ही करा."

"मी? अन् दुकान?"

"दुकान समोरच आहे."

अप्पांनी थोडा वेळ तराजू पुसला. "पोरगा कोण उभा राहणार?"

मी त्या मुलाचं नाव सांगितलं.

"ज्यानं मारलं त्यालाच?"

"त्यालाच."

पहिल्या दिवशी मुलगा फौजदारासारखा उभा राहिला. लोकांची भांडी पायानं सरकवायला लागला. अप्पा आपल्या मुलीसह उभे होते. ते त्याला म्हणाले, "पायानं न्हाई रे. हातानं उचल. लोक त्यातलं पाणी पितात." तो चिडला, पण हातानं उचलायला लागला. एका म्हातारीनं त्याला खानदानासकट शिव्या घातल्या. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. त्याच्या हाताची मूठ झाली, आणि सुटली. तो दोन पावलं मागे सरला, ओठ हलवत राहिला.

नंतर मी विचारलं, "काय पुटपुटत होतास?"

"सतराचा पाढा."

"येतो तुला?"

"न्हाई. म्हणून तर येळ लागतो."

मुलीची माफी मागायचं मी त्याला अनेकदा सुचवलं होतं. तो म्हणाला, "मागीन की. पण तिच्याशी बोललो तर तिचा बाप म्हणंल, पोरीमागं लागला." त्याचं म्हणणं खरं होतं. तिच्या वडलांना मी भेटले, तर ते म्हणाले, आता नव्यानं विषय काढू नका. म्हणजे मारायला वाट होती, माफी मागायला नव्हती.

एकदा ती मुलगी आईबरोबर रांगेत आली. मी बघत होते. मुलानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिची घागर जिथं होती तिथंच ठेवली, पुढेही नाही, मागेही नाही. पाळी आल्यावर भरली आणि उचलून तिच्या आईच्या डोक्यावर दिली.

काही आठवडे हे चाललं. मजेत चाललं असं नाही. उभं राहायचं कबूल केलेला पालक यायचा नाही, मग मी घरोघर फिरायची. एक वडील दारू पिऊन आले आणि मुलांनीच त्यांना अप्पांच्या ओट्यावर बसवलं. एका आईनं माझ्या तोंडावर सांगितलं की माझ्या पोरीला टँकरपाशी उभं करून तुम्ही तिला उघडी पाडलीत. हेडमास्तर रोज विचारायचे की अभ्यासक्रम कुठवर आला. तरी त्या दिवसांत रांगेत कुणाला मार बसला नाही.

मी घरी बोलायची, यजमान कचेरीत बोलले असावेत. एक दिवस तिथून एक साहेब जीपनं गावात आले. नव्या जिल्ह्यात काहीतरी आदर्श दाखवायला हवं होतं. आपण इथं मेळावा घेऊ, म्हणाले. विद्यार्थी, पालक, ग्रामस्थ, सगळे. मी म्हटलं, मेळाव्याची गरज नाही, टँकर दोनदा पाठवता आला तर बघा. ते म्हणाले, "तो वेगळा विभाग आहे."

मेळाव्याच्या दिवशी मांडव पडला, खुर्च्या आल्या, लाऊडस्पीकर आला. पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून पटांगणावर पाणी मारायचं ठरलं. टँकर नेहमीपेक्षा लवकर बोलावला आणि त्यातलं निम्मं पाणी मातीवर शिंपडलं. घागरी घेऊन उभी असलेली माणसं ते बघत होती. मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आत्ता नको, बाई, पाहुणे येताहेत."

पाहुणे आले. संस्कारांवर बोलले. घर ही पहिली शाळा आहे, म्हणाले. टाळ्या वाजल्या. अर्ध्या टँकरचं पाणी तोवर निम्म्या रांगेतच संपलं, आणि मागच्या लोकांना ते कळल्यावर जे व्हायचं ते झालं. आधी शिव्या, मग ढकलाढकली. अप्पा मध्ये उभे राहून हात जोडत होते. कुणाच्या तरी धक्क्यानं त्यांचा चष्मा पडला आणि पायाखाली गेला. त्या मुलाचे वडील, तेच मातब्बर शेतकरी, समोरच्या माणसाच्या अंगावर गेले. त्यांचा हात वर गेला.

मुलानं तो वरच्या वर धरला.

"अण्णा, राहू द्या."

वडलांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. मुलगा त्यांच्यापेक्षा उंच होता, कबड्डीचा. त्यानं मारलं नाही, पिरगाळलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "राहू द्या, अण्णा. चला घरी." मांडवातले पाहुणे, साहेब, सगळं गाव बघत होतं. वडलांचा चेहरा काळानिळा झाला. अखेर मुलानं हात सोडला तेव्हा ते तडक निघून गेले.

जीपमध्ये बसताना साहेब मला म्हणाले, "कार्यक्रम छान झाला, बाई. शेवटी जरा गालबोट लागलं, एवढंच."

 

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "माफ करा, बाई. मी दुकानदार माणूस. मला समद्यांशी गोड राहावं लागतं." चष्म्याच्या एका काचेला तडा गेला होता, तोच घालून ते बसले होते. हेडमास्तरांनी सांगितलं की शाळेच्या मुलांनी यापुढे टँकरपाशी उभं राहायचं नाही, वरून तशी सूचना आहे. वर म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही. रांग पुन्हा होती तशी झाली.

मुलानं वार्षिक परीक्षा दिली, पण निकालाला आला नाही. चौकशी केली तर कळलं, वडलांनी त्याला उदगीरला आत्याकडे टाकलं, तिथल्या आडतीवर पोती मोजायला. शाळा बास, म्हणाले. बापाचा हात धरणाऱ्या पोराला अजून काय शिकवायचं? गावात सगळ्यांना हे रास्त वाटलं. ज्या म्हाताऱ्यांनी त्याला चपलेनं मारताना बघून माना हलवल्या होत्या, ते आता म्हणत होते की बाईंनी पोरगं बिघडवलं. मुलीला तिच्या मामानं निलंग्याला नेलं. कान भरून आला का, मी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, थोडं थोडं येतं ऐकू.

मी यजमानांना सांगितलं की मला नांदेडला बदली हवी. त्यांनी अर्ज लिहून दिला. मी तो पर्समध्ये घेऊन फिरत राहिले, दिला नाही. का दिला नाही याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. रागानं दिला नाही. मी गेले असते तर हेडमास्तरांना फार बरं वाटलं असतं.

जूनमध्ये शाळा भरली आणि मी पुन्हा पालकसभा लावली. हेडमास्तर म्हणाले, "हौस फिटली नाही का अजून?" वेळ झाली तरी वर्ग रिकामा होता. शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. त्या मुलाची आई. एकटी आली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. गावातून शाळेपर्यंत ती एकटी चालत आली हीच मोठी गोष्ट होती.

हेडमास्तर घड्याळ बघून म्हणाले, "एकच पालक आहे. गणसंख्या नाही. सभा तहकूब करू या."

"करा, सर," मी म्हटलं.

ते गेले. शिपाई खिडकीपाशी घुटमळला, त्याला मी जायला सांगितलं. ती शेवटच्या बाकावर बसली होती. मी तिच्या पुढच्या बाकावर जाऊन बसले. ती बाकावर कोरलेल्या नावांवरून बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"त्याचा काही निरोप येतो का?" मी विचारलं.

"दोनदा येऊन गेला. वडील घरी नसताना." मग ती म्हणाली, "बाई, धाकटा यंदा पाचवीला घातलाय तुमच्याकडं. परवा त्यानं मला हाताला धरून ढकललं. तुम्ही पोरांना जे सांगता ना, ते मला सांगा. मी त्याला घरी सांगते."

"त्याचे वडील?"

"ते असत्यात तवा न्हाई सांगणार."

बाहेर टँकर आल्याचा हॉर्न वाजला आणि घागरींचा खडखडाट सुरू झाला. लगेच कुणाचा तरी चढा आवाज आला. ती उठली नाही. मी बाक तिच्याकडे वळवला आणि बोलायला सुरुवात केली.